पोच

मराठीच्या तासाला फळ्यावर 'पत्रलेखन' हा शब्द लिहिला की वर्गात काय होते, ते मला ठाऊक आहे. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. कोणीतरी हळूच विचारते, "टीचर, पत्र पाठ करून लिहिले तर चालेल ना?" नळाला पाणी येत नाही, रस्त्यावर दिवे नाहीत, अशा तक्रारींची पत्रे तुम्ही पाठ करता, परीक्षेत लिहिता आणि विसरून जाता. विद्यार्थिनी असताना मीही तेच केले. पण एकदा मला खरे तक्रारपत्र लिहावे लागले. त्या पत्राला कोणी गुण देणार नव्हते, पण त्यावाचून माझ्या अम्मीच्या डोळ्यांचे ऑपरेशन अडले होते. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

मी मूळची साताऱ्याची. माझे अब्बू शिंपीकाम करतात आणि अम्मी घरी बसून काज-बटणाचे काम करते. बी.एड. करताना मी मुलांच्या शिकवण्या घेत असे. त्यातून उरलेले पैसे साताऱ्यातील एका बँकेच्या बचत खात्यात टाकत असे. पुढे मला सांगलीच्या उर्दू शाळेत नोकरी मिळाली. त्या वेळी माझ्या खात्यात एकेचाळीस हजार रुपये जमले होते.

त्या सुमारास अम्मीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तिला सुईत दोरा ओवता येईना. ती शेजारच्या मुलांना हाक मारून सुया ओवून घेई आणि पाच-सहा सुया उशीला टोचून ठेवी. त्या संपल्या की पुन्हा कोणी मूल येईपर्यंत काम थांबे. सांगलीहून जवळच मिरज आहे. दवाखान्यांसाठी ते गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तेथील डॉक्टरांनी २० जुलै २०२३ ही तारीख दिली. पैसे मी देणार होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी अम्मी-अब्बूंसाठी काही मोठे करणार होते, म्हणून मनातून फार आनंदात होते.

सांगलीत स्थिर झाल्यावर खातेही इकडे आणावे, असे मी ठरवले होते. १२ जूनला त्याच बँकेच्या सांगली शाखेत अर्ज दिला. सोबत आधार कार्डाची आणि पॅन कार्डाची प्रत जोडली. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "ठेवून जा मॅडम, होऊन जाईल." मी अर्ज ठेवला आणि आले. पोच मागितली नाही. ती का मागायची, हे तेव्हा मला कळत नव्हते.

१९ जुलैला अम्मी-अब्बू साताऱ्याहून आले. संध्याकाळी मी एटीएमवर गेले, पण यंत्राने पैसे दिले नाहीत. दुसऱ्या यंत्रावर गेले, तिथेही तेच. सकाळी बँक उघडताच धावले. तेथे कळले की माझ्या खात्यातून पैसे काढणे बंद केले आहे. पैसे आत येत होते, बाहेर जात नव्हते. "का?" म्हणून विचारले, तर उत्तर मिळाले, "ते सातारा शाखेला विचारा."

ऑपरेशन पुढे ढकलावे लागले. अम्मीने काही न बोलता हातातली सोन्याची बांगडी काढून माझ्यापुढे धरली. मी ती परत तिच्या हातात घातली. मुलांनो, त्या वेळी मला जितकी लाज वाटली, तितकी कधीच वाटली नव्हती.

२४ जुलैला रजा काढून मी एसटीने साताऱ्याला गेले. पावसात कराड, उंब्रज करीत गाडी पोहोचली, तोवर दुपार झाली. तेथील बाई म्हणाल्या, "तुमचं खातं आता सांगलीकडे गेलं. आमच्या हातात काही नाही." मग मात्र माझा तोल सुटला. मी भर बँकेत मोठमोठ्याने बोलले. लोक वळून पाहू लागले. काम मात्र झाले नाही, आणि मी रिकाम्या हाताने परतले.

त्या रात्री मी चार पानी पत्र लिहिले. त्यात 'बेजबाबदार' हा शब्द सहा वेळा होता. दुसऱ्या दिवशी ते हेडमास्तर साहेबांना दाखवले. त्यांनी शांतपणे वाचले आणि विचारले, "टीचर, यात तुमचा खाते क्रमांक कुठे आहे?"

तो मी लिहिलाच नव्हता! अर्ज दिल्याची तारीख नव्हती. मला नेमके काय हवे आहे, हेही नव्हते. होता तो फक्त राग. साहेब हसून म्हणाले, "वर्गात मुलांना काय शिकवता? विषय एक, भाषा सौम्य, मुद्दे क्रमाने. तेच करा."

मी वरमले. नव्याने लिहायला बसले आणि पत्र एका पानात बसवले. आधी नाव, पत्ता आणि खाते क्रमांक. मग घडलेल्या गोष्टी तारीखवार. शेवटी दोन मागण्या: पैसे काढणे कोणत्या कारणाने बंद केले ते लेखी कळवावे, आणि खाते लवकरात लवकर सुरू करावे. अम्मीच्या ऑपरेशनबद्दल एकच वाक्य ठेवले. 'बेजबाबदार' हा शब्द एकदाही आला नाही.

२८ जुलैला पत्राच्या दोन प्रती घेऊन मी सांगली शाखेत गेले. "ठेवून जा," खिडकीवरून तेच उत्तर आले. या वेळी मी म्हणाले, "साहेब, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख द्या. पोच मिळेपर्यंत मी इथे बसते." ते कुरकुरले. मी बाकावर बसून राहिले. हात थरथरत होते, पण आवाज चढवला नाही. पाऊण तासाने शाखा व्यवस्थापक स्वतः बाहेर आले. त्यांनी पत्र उभ्या उभ्या वाचले, शिक्का मारला आणि सही केली.

पोच म्हणजे काय, हे मला अब्बूंनी आधीच शिकवायला हवे होते. नव्हे, त्यांनी शिकवले होते, मीच लक्ष दिले नव्हते. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात जुनी पासबुके आणि पैसे भरल्याच्या पावत्या आहेत. त्यांचे खाते युनायटेड वेस्टर्न बँकेत होते. ही बँक १९३६ साली साताऱ्यात स्थापन झाली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली. सांगलीकरांचेही तसेच झाले. १९१६ साली सुरू झालेली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. दोन्ही गावांतील अनेकांच्या ओळखीच्या पाट्या दोन वर्षांत उतरल्या. तेव्हा मी शाळेत होते. साताऱ्याच्या गल्लीत लोक घाबरून बोलत होते. अब्बू मात्र तो डबा पुढ्यात घेऊन बसले आणि म्हणाले, "बेटा, पाटी बदलली तरी कागद आपल्याकडे आहे." विलीनीकरणात खाती नव्या बँकेकडे जातात, नाहीशी होत नाहीत. तरीही आपला हिशेब दाखवायला आपल्याजवळ कागद असला, तर माणूस निर्धास्त राहतो.

आता माझ्या पत्राचे काय झाले ते ऐका. ८ ऑगस्टला बँकेचे लेखी उत्तर आले. कारण वाचून मी थक्क झाले. माझे आडनाव शेख. इंग्रजीत ते पॅन कार्डावर 'एस, एच, ए' असे सुरू होते आणि आधार कार्डावर 'एस, एच, ई' असे. खाते बदलताना दोन्ही कागद जुळले नाहीत, म्हणून पैसे काढणे थांबवले गेले. तसे कळवणारा संदेश माझ्या जुन्या मोबाइल क्रमांकावर गेला. तो क्रमांक मी केव्हाच सोडला होता आणि बँकेला कळवले नव्हते. म्हणजे चूक माझीही होती. बँकेने दुसऱ्या मार्गाने कळवायला हवे होते, आणि मी माझी माहिती नीट ठेवायला हवी होती. आवश्यक कागद दिल्यावर दोन दिवसांत खाते सुरू झाले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांची नावे शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरी आहेत? उर्दू नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहिताना एखादे अक्षर सहज बदलते. आज घरी जाऊन तपासा. फरक असेल, तर आताच दुरुस्त करून घ्या.

आणखी एक गोष्ट सांगते. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर पुढेही दार आहे. रिझर्व्ह बँकेने १९९५ साली बँकिंग लोकपाल योजना सुरू केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये वेगवेगळ्या लोकपाल योजना एकत्र करण्यात आल्या. या तक्रारीला शुल्क पडत नाही. चंदीगड येथील रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे टपालानेही तक्रार पाठवता येते, आणि ती कोणत्याही भाषेत लिहिता येते. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. मात्र आधी बँकेकडे तक्रार केली होती, हे दाखवावे लागते. ते कशाने दाखवाल? पोच असेल तर!

१७ ऑगस्टला अम्मीच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, काही आठवड्यांनी दुसऱ्याचे. दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला गेले, तेव्हा अम्मी दारात बसून शर्टाला बटणे लावत होती. मी सवयीने सुई ओवायला हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला सारला, दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले आणि पहिल्याच खेपेला सुई ओवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझ्या केसांत एक पांढरा केस आहे, बेटा."

त्या पत्राची शिक्का मारलेली प्रत आता अब्बूंच्या पत्र्याच्या डब्यात आहे. ती त्यांनीच मागून घेतली. उद्या आपण पत्रलेखनाचा पाठ घेणार आहोत. वही घेऊन या, आणि या वेळी पत्र पाठ करू नका.