खालचा आकडा बघा : जुन्या मोटारीसाठी घरचं वेल्डिंग मशीन

३० ऑक्टोबर २०२३ या दिवशी प्रीमियर पद्मिनी, म्हणजेच जुनी फियाट, मुंबईच्या टॅक्सी-सेवेतून कायमची बाहेर पडली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती आणि शेवटच्या पद्मिनीची ती मुदत संपली होती. घरगुती गाडीचं तसं नाही. नोंदणीचं नूतनीकरण झालं आणि फिटनेस मिळाला, तर पन्नास वर्षांची फियाटही चालवता येते. म्हणून मराठवाड्यातल्या वाड्यांच्या पडवीत, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांना अजून आशा आहे. इंजिन बहुधा दुरुस्त होतं. गाडीचा खरा जीव घेतो तो गंज, आणि गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंगशिवाय दुसरा इलाज नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरसारख्या गावात वेल्डिंगची दुकानं शोधावी लागत नाहीत. कापूस, सोयाबीन आणि हळदीच्या या पट्ट्यात ट्रॉलीचा तुटलेला हूक, नांगराचा फाळ, शेडचे अँगल, घराचं गेट अशी कामं बारमाही असतात. ती होतात रॉडच्या मशीनवर. तीन ते दहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडाला हे मशीन उत्तम. पण फियाटच्या बॉडीचा पत्रा असतो एक मिलिमीटरच्या आसपास, आणि गंजानं खाल्लेल्या जागी त्याहूनही पातळ. अडीच मिलिमीटरचा रॉड नीट चालायला साठ ते नव्वद अँपिअर करंट लागतो. एवढ्या करंटला हा पत्रा वितळून भोक पडतं. ते भरायला गेलं की शेजारी दुसरं पडतं. कारागीर हुशार असला तरी हत्यार वेगळंच हवं.

हे काम वरवरचं का करता येत नाही, ते गाडीच्या रचनेत दडलं आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली. हीच गाडी १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावानं विकली गेली. तिला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालचा पत्र्याचा पोकळ उंबरा, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. अँबेसेडरचंही तसंच. महिंद्राच्या जुन्या जीपला मात्र स्वतंत्र चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टनं बसवलेली असते. त्यामुळे जीपचा फ्लोअर सडला तरी गाडी उभी राहते. फियाटचा उंबरा सडला की जॅक लावताच दार अडकू लागतं. अशा उंबऱ्यावर जस्ताचा पत्रा रिव्हेट करून वर लांबी फासणं ही दुरुस्ती नव्हे. अपघाताच्या वेळी माणसाला वाचवणारा भागच त्यानं कमकुवत राहतो.

आता मशीन. घरच्या कामासाठी पर्याय तीन.

पहिला म्हणजे वर्कशॉपमध्ये ज्याला ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात तो, म्हणजेच मिग. बारीक तार मोटरनं आपोआप पुढे सरकते आणि वितळणाऱ्या धातूवर गॅसचं आवरण राहतं. एक हात मोकळा राहतो, शिकायला सोपं, आणि मनगट वळवून गाडीखालीही काम करता येतं. दुसरा ‘आर्गॉन वेल्डिंग’, म्हणजे टिग. त्याचा टाका मऊ आणि देखणा होतो, नंतर हातोडीनं ठोकून सपाटही करता येतो. मडगार्ड किंवा बॉनेटसारख्या दिसणाऱ्या भागासाठी त्याला तोड नाही. पण एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात फिलर, पत्रा अगदी स्वच्छ हवा, आणि वेगही कमी. तिसरा पर्याय बिनगॅसच्या तारेचा. या तारेच्या पोटात फ्लक्स असतं, सिलिंडर लागत नाही, म्हणून ती गावाकडे फार मोहात पाडते. मात्र तिची उष्णता जास्त, ठिणग्या आणि मळीही जास्त. एक मिलिमीटरखालच्या पत्र्यावर ती हाताबाहेर जाते. शिवाय तिच्यासाठी मशीनची पोलॅरिटी उलटी करावी लागते, आणि ते न केल्यामुळे खराब झालेली कामं सर्रास दिसतात.

पहिल्यांदा घेणाऱ्यानं गॅसवर चालणारं मिगच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्यातही बघायचा तो खालचा आकडा. दुकानदार २०० अँपिअर, २५० अँपिअर असा वरचा आकडा दाखवतो. बॉडीच्या पत्र्याला लागतात पस्तीस ते साठ. म्हणून मशीन तीस अँपिअरला स्थिर चालतं का, व्होल्टेज आणि तारेचा वेग वेगवेगळे बदलता येतात का, ०.६ मिलिमीटर तारेचा रोलर त्याला बसतो का, हे आधी विचारावं. ०.८ ची तार सगळीकडे मिळते आणि तिच्यावरही काम होतं; पण नवशिक्याचा हात ०.६ वर लवकर बसतो. टॉर्च युरो कनेक्टरची असेल तर बिघडल्यावर तेवढीच बदलता येते.

वीज हा मराठवाड्यातला स्वतंत्र विषय आहे. घरात सोळा अँपिअरचा सॉकेट असतो, म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेतीन किलोवॉट. पत्र्याच्या कामाला त्याच्या निम्म्याहून कमी लागते, तेव्हा थ्री-फेजची गरज नाही. मात्र संध्याकाळी गावातलं व्होल्टेज पडतं आणि स्वस्त इन्व्हर्टर मशीनचा आर्क फडफडू लागतो. किमान किती व्होल्टवर मशीन चालतं, हे त्याच्या पाटीवर वाचून घ्यावं. घरापासून शेडपर्यंत अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढावी. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डातच वीज वाया जाते. अर्थिंग पक्कं हवं, हे वेगळं सांगायला नको.

त्याच पाटीवर ‘ड्यूटी सायकल’ लिहिलेली असते. साठ टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं मशीन चालवता येतं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही मोजणी चाळीस अंश तापमान धरून केलेली असते. नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये आणखी वर. बॉडीचं काम टाक्या-टाक्यानं होत असल्यानं अडचण येत नाही. जीपच्या चासीवर जास्त करंटनं सलग वेल्डिंग करायचं असेल, तर ते सकाळच्या वेळी उरकावं.

गॅस कुठून आणायचा, हे मशीन घेण्याआधी ठरवावं. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, पण त्याचा आर्क तिखट आणि ठिणग्या जास्त. ऐंशी टक्के आर्गॉन आणि वीस टक्के कार्बन डायऑक्साइड हे मिश्रण पातळ पत्र्याला मानवतं. नांदेडच्या गॅसवाल्याकडे ते मिळतं का, सिलिंडर भाड्यानं की विकत, बदलून किती दिवसांत मिळतो, हे विचारून ठेवावं. प्रवाह मिनिटाला आठ ते दहा लिटर पुरतो. पंख्याचा वारा थेट टाक्यावर आला, तर गॅस सगळा वाया जातो आणि टाक्यात छिद्रं पडतात.

पद्धतही मशीनइतकीच महत्त्वाची. पत्रा सीआरसीए, म्हणजे जस्त नसलेला कोल्ड-रोल्ड आणावा, ०.९ किंवा १ मिलिमीटरचा. छपराच्या जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की विषारी धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. गंज चकाकता लोखंड दिसेपर्यंत कापून काढावा. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या जागी नव्या पत्र्याला सहा मिलिमीटरची भोकं पाडून ती टाक्यानं भरावीत. सलग शिवण ओढू नये. इंच-इंच अंतरावर, एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला टाके घ्यावेत आणि मधे पत्रा हाताला सोसेल इतका थंड होऊ द्यावा. पत्रा तिरपा होतो तो घाईमुळे. सुरुवातीला बॅटरी काढावी, गाद्या आणि गालिचे बाहेर न्यावेत, पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवावं. पेट्रोलची टाकी घरी कधीही वेल्ड करू नये, कितीही धुतली तरी.

काम संपल्यावर कागदाचाही विचार हवा. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणी आणली. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. १९७४ ची पद्मिनी आता या वयाची झाली आहे. म्हणून उंबरा कापण्याआधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, मापं लिहून ठेवावीत आणि नवा भाग मूळ आकाराचाच घडवावा.

मशीन घ्यायला नांदेडला जाताना सोबत सीआरसीएचे एक मिलिमीटरचे पाच-सहा तुकडे न्यावेत. दुकानातच त्यांवर, सर्वांत कमी करंटवर, टाके मारून दाखवायला सांगावं. मग स्वतः मारून बघावेत आणि तुकडा उलटा करून टाका पलीकडे उतरला आहे का ते तपासावं. जे दुकान एवढं करू देईल आणि टॉर्चचे टिप, लायनर नेहमी ठेवत असेल, तिथूनच मशीन घ्यावं.