प्रशिक्षणाचे फळ कोठे पाहावे?

वार्तापत्रात बालवाडीचा उल्लेख येतो तो बहुधा स्नेहसंमेलनाच्या वृत्तांतात. या वेळी आम्ही बालवाडीच्या शिक्षिका आमच्या स्वतःच्या शिक्षणाविषयी लिहीत आहोत. मुलांच्या परीक्षा सर्वजण घेतात. शिक्षिकेला मिळालेल्या प्रशिक्षणाची परीक्षा कोण घेणार, हा आमचा प्रश्न आहे.

हुबळी-धारवाडचे आपले मूल घरी आजीशी मराठी बोलते, गल्लीत कन्नड खेळते आणि शाळेत येऊन इंग्रजी अक्षरे ऐकते. कोणी आम्हाला बाई म्हणते, कोणी अक्कोर. "बाई, नीरू पाहिजे" असे एखादे तीन वर्षांचे बाळ म्हणते, तेव्हा त्यावर हसायचे, रागवायचे की "पाणी हवंय ना? हे घे" असे म्हणून योग्य शब्द सहज त्याच्या कानावर घालायचा? ज्याच्या पहिल्याच शब्दाला हसू मिळते, ते मूल गप्प होते. आणि गप्प मुलाला पहिलीत 'मठ्ठ' ठरवायला वेळ लागत नाही. म्हणून प्रशिक्षणाची गोष्ट आम्हाला किरकोळ वाटत नाही.

याबाबतीत आपल्यापुढे थोर आदर्श आहे. पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरीब वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे आले. तेथे तयार होणारी शिक्षिका मुलांमध्ये राहून शिकत असे, आणि जे शिकली ते दुसऱ्या दिवशी मुलांपुढेच तपासले जाई.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा, तर त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला. त्यात महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग भरवून सतत मूल्यमापन करावे, असेही म्हटले आहे. आम्हाला यातला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

कारण आमचा अनुभव वेगळा आहे. एका शिबिराच्या शेवटी आम्हाला कागद मिळाला, 'शिबिर कसे वाटले?' सर्वांनी 'उत्तम' लिहिले. जेवणही उत्तमच होते! प्रमाणपत्रे मिळाली. त्यानंतर आमच्या वर्गात डोकावायला कोणी आले नाही. अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. आवडले का, समजले का, वागण्यात उतरले का आणि त्यातून फळ काय मिळाले. आपल्याकडची बहुतेक तपासणी पहिल्या पायरीवरच थांबते.

म्हणून आमची एक साधी योजना आहे. शिबिरानंतर तीन महिन्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी एका शिक्षिकेने दुसरीच्या वर्गात वीस मिनिटे मागे बसावे व वहीत नोंद करावी. बाई किती वेळ बोलल्या, मुले किती वेळ बोलली? मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले की 'गप्प बस'? एरवी न बोलणारे मूल आज बोलले का? पडल्यावर ते कोणाकडे धावले? या नोंदींवर महिन्यातून एकदा एकत्र बसून बोलावे. दोष काढण्यासाठी नव्हे, पुढच्या महिन्यात काय बदलायचे ते ठरवण्यासाठी.

पालकहो, किती पाने लिहून झाली यावरून बालवाडीची पारख करू नका. तीन-चार वर्षांच्या बोटांना आधी माती मळू द्या, मणी ओवू द्या, घरी शेंगा सोलू द्या. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी शनिवारी येऊन लहानांना गोष्ट सांगाल, तर आम्हाला मागे बसून मुलांकडे नीट पाहता येईल.

विश्वस्त मंडळाला दोनच विनंत्या आहेत. महिन्यातून अर्धा दिवस आम्हाला या कामासाठी मिळावा आणि त्या वेळेपुरती वर्गावर दुसरी व्यवस्था व्हावी. दुसरी विनंती मावशींविषयी आहे. मुलांचे रडे थांबवणे, डबा उघडून देणे, शौचालयात नेणे हे सारे त्या करतात. कानडीतून समजूत घालायची वेळ आली की आम्हीही त्यांनाच हाक मारतो. आजवर एकाही शिबिराच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. पुढच्या यादीत ते असावे.