रुमालाखालचा सौदा

आमच्या खामगावात चांदी घ्यायला आलेला माणूस घडण नंतर बघतो, आधी टंच विचारतो. तोच माणूस लॅपटॉपचं डॉक घेताना मात्र एवढंच बघतो : पिन बसते ना? माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच डॉकचं दुखणं इथंच असतं.

मार्चअखेरीला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात गेलो. तीन कंपन्यांचे तीन लॅपटॉप, डॉक एकच. एक टाइप-सी केबल जोडली की मॉनिटर, कीबोर्ड, इंटरनेट आणि चार्जिंग, सगळं सुरू. निदान अपेक्षा तशी होती. "भाऊ, एकाची बॅटरी भरते, दुसऱ्याची लावूनबी उतरते, अन् तिसरा तं करंटच घेत नाही," सल्लागार म्हणाले.

गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तसाच तो या केबलीतही होतो. टाइप-सीच्या २४ जागांपैकी सीसी नावाच्या पिनेवर ही बोलणी चालतात. सुरुवातीला डॉक फक्त ५ व्होल्ट सोडतं. मग आपले दर मांडतं : ५, ९, १५, २० व्होल्ट आणि प्रत्येकाला किती अँपिअर. लॅपटॉप त्यातला एक निवडतो, डॉक होकार देतं आणि मगच व्होल्टेज चढतं. म्हणून जास्त वॉटचं चांगलं डॉक लावल्याने लॅपटॉप जळत नाही. तो मागेल तेवढंच घेतो. अडचण येते ती डॉकची ऐपत कमी पडली की.

या डॉकचा अ‍ॅडॅप्टर ६५ वॉटचा होता. त्यातले १५ वॉट डॉक स्वतःसाठी आणि पेनड्राइव्ह वगैरेंसाठी राखून ठेवत होतं. लॅपटॉपच्या वाट्याला उरले ५०. पहिला ४५ वॉटचा, तो खूश. दुसरा सल्लागारांच्या मुलाचा, ग्राफिक्स कार्डवाला. त्याचा मूळ अ‍ॅडॅप्टर १३५ वॉटचा. काम वाढलं की तूट तो बॅटरीतून भरून काढत होता. तिसरा जुना. त्याचं टाइप-सी भोक फक्त डेटासाठी. वीज घ्यायची ती १९.५ व्होल्टच्या गोल पिनेतूनच. त्याच्याशी सौदाच होणार नव्हता.

मी डॉकला १०० वॉटचा अ‍ॅडॅप्टर लावला आणि मध्ये बोटाएवढा मीटर जोडला. आकडा २० व्होल्ट, ३ अँपिअरच्या वर जाईना. म्हणजे ६० वॉट. दोष केबलीत होता. ३ अँपिअरच्या वर जायचं तर केबलीच्या टोकात तिची ताकद सांगणारी चिप लागते. ती नसेल तर सौदा ३ वरच थांबतो. ६५ वॉटलासुद्धा ३.२५ अँपिअर लागतात, हे ध्यानात घ्या. ही चिप म्हणजे केबलीचा टंच. ५ अँपिअरची केबल घातली आणि लॅपटॉपपुढे ८५ वॉट आले.

काही कंपन्या घरच्याला जास्त वाढतात. डेलचं डब्ल्यूडी१९ डॉक १८० वॉटच्या अ‍ॅडॅप्टरवर डेलच्या लॅपटॉपला १३० वॉटपर्यंत देतं, इतरांना ९०. वेगवेगळ्या कंपन्यांचे लॅपटॉप असतील तर खोक्यावरचा मोठा आकडा नव्हे, हा दुसरा आकडा विचारा.

पिनांचा गोंधळ आता मिटत चालला आहे. २०२१ च्या नव्या मानकाने टाइप-सीवर ४८ व्होल्ट आणि २४० वॉटपर्यंत वाट मोकळी केली. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपनाही टाइप-सी चार्जिंगचा नियम लावला. पण पिन एक झाली म्हणून ऐपत एक होत नाही. वजाबाकी आपल्यालाच करावी लागते : अ‍ॅडॅप्टरचे वॉट, त्यातून डॉकचा वाटा वजा, आणि केबल तेवढं वाहते का.

निघताना डॉकवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने '८५' लिहिलं. जुन्या लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर त्याच्या जागी परत लावला. परवा गेलो तर पट्टीवर माझ्या आकड्याखाली सल्लागारांनी पेनने लिहिलं होतं : 'गेम घरी'.