ड्रममधला चिखल

आमच्या घरी एक जुनी फोर बाय फोर महिंद्रा जीप आहे. वडिलांनी शेतासाठी घेतलेली. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. कॉलेजला मी स्कूटरनेच जातो. पण खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेताकडे पावसाळ्यात जायचं तर जीपशिवाय गत नाही. जांबोटी सोडली की पाऊस म्हणजे काय ते कळतं, आणि डांबरी रस्ता सोडला की तांबडी माती म्हणजे काय ते कळतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आई, पत्नी आणि मुलीला घेऊन गेलो होतो. येताना ओढा ओलांडला, चिखल तुडवला आणि उताराला लागलो. समोर म्हैस आली म्हणून ब्रेक दाबला, तर गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडे गटाराकडे ओढू लागली. सेकंड गिअरमध्ये होतो म्हणून निभावलं. म्हैस शांतपणे निघून गेली. आई मात्र एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबांनी इतकी वर्षं चालवली, असं कधी झालं नव्हतं रे."

ते वाक्य मला लागलं. मी दर फेरीनंतर जीप धूत होतो, पण नुसती बाहेरून!

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी चाक उतरवून ड्रम काढला. "नोड्री सर, एल्ला मण्णु!" आत लायनरवर तांबड्या चिखलाचा थर बसला होता. मग त्यांनी मला अर्धा मराठीत, अर्धा कन्नडमध्ये पाठ दिला. विद्यार्थी व्हायची मला बऱ्याच वर्षांनी संधी मिळाली.

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम हा वाडग्यासारखा. आत गेलेलं पाणी नि चिखल सहज बाहेर पडत नाही. ओला लायनर घसरतो आणि मातीतले खडे ड्रमला चरे पाडतात. शिवाय फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे दोन बाजूंतला थोडासा फरकही मोठा होतो. आमचा उजवा ब्रेक भिजलेला, डावा बरा. म्हणून गाडी डावीकडे गेली.

आता आमचा नेम ठरला आहे. पाण्यातून बाहेर आल्यावर रस्ता मोकळा बघून, हळू चालवत, ब्रेक हलकेच दाबत जायचं; उष्णतेने लायनर वाळतो. चिखलाची फेरी झाली की सुट्टीच्या दिवशी चाकं उतरवायची. गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नाही, खाली भक्कम टेकू. ड्रम अडला तर ॲडजस्टर सैल करायचा, हातोड्याने बडवायचं नाही. आतला चिखल साबणाच्या पाण्याने धुवायचा. हवेने फुंकायचा नाही, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसाला घातक. रॉकेल, डिझेल लायनरजवळही आणायचं नाही. मग बघायचं: व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल आहे का, ॲक्सलचं ऑईल गळून शूवर आलंय का, स्प्रिंग जागेवर आहेत का, लायनर रिव्हेटपर्यंत झिजलाय का. लायनर बदलायचा तर दोन्ही बाजूंचा एकदम. शेवटी ॲडजस्टर चाक घासेपर्यंत आवळून, ते मोकळं फिरेल इतपत सोडायचा, आणि रस्त्यावर जाण्याआधी अंगणातच ब्रेक तपासायचा.

मेस्त्री जाता जाता म्हणाले, "अप्पा हे सगळं स्वतः करत होते, सर." तेव्हा आठवलं, पावसाळ्यातल्या रविवारी बाबा अंगणात चाकं काढून बसायचे. मी त्याला त्यांचा छंद समजत होतो आणि आत पुस्तक वाचत पडायचो. एकदाही जवळ जाऊन बसलो नाही.

आता माझ्याजवळ मुलगी बसते, पाने हातात देते. कुठला स्प्रिंग कुठे होता हे तिच्याच जास्त लक्षात राहतं.

आई त्या प्रसंगानंतर जीपमध्ये बसत नव्हती. गेल्या गणपतीला शेतावर निघालो, तेव्हा ती दारात उभी राहिली. नातीला विचारलं, "ब्रेक बघितलात काय गं?" मुलगी म्हणाली, "चारही, आजी." मग आई पदर सावरून पुढच्या सीटवर बसली. मागून पत्नी म्हणाली, "निधान होगरी."

मी निधानच गेलो.