कारापूरच्या भूमीखाली

साखळीला लागूनच, वाळवंटी नदीच्या परिसरात कारापूर वसले आहे. विठ्ठलापूरचे देऊळ, माडापोफळींची दाट सावली, आणि दूरवर खनिजासाठी पोखरलेल्या डिचोली तालुक्यातील टेकड्या. या तालुक्यातील कित्येक घरांची चूल लोखंडाच्या दगडावर पेटत आली. 2012 साली खाणी थांबल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या, आणि कर्जाने घेतलेले ट्रक दारांत उभे राहिले. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो: मुंबईच्या समुद्रात वायू सापडला, मग आमच्या जमिनीखाली तो का नसावा? एका ट्रकमालकाने तर शेताच्या चिखलातून उठणाऱ्या बुडबुड्यांकडे बोट दाखवूनच आम्हांस हे विचारले. प्रश्नामागे पोटाची चिंता होती. तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

चिखलातला वायूही मिथेनच. पण तो कालपरवाच्या कुजलेल्या पाल्याचा. जन्मताच उडून जाणारा. साठा व्हावयास निराळीच सिद्धता लागते. 1976 साली सापडलेले वसईचे वायुक्षेत्र पाहावे. पाचसहा कोटी वर्षांपूर्वी तेथे सेंद्रिय द्रव्य मिसळलेला चिकणगाळ साचला. त्यावर थरांमागून थर चढले. दोनतीन किलोमीटर वा त्याहून खोल, शंभर-सव्वाशे अंशांच्या उष्णतेत त्या द्रव्याचे तेल आणि वायू झाले. हलका वायू वर निघाला व छिद्रमय चुनखडकात शिरला. वर घट्ट शेलचे झाकण होते आणि थर घुमटासारखे उचललेले होते, म्हणून तो अडला. यांत क्रमही मोठा. घुमट आधी हवा, वायू मागून. उलट झाले तर सारे निसटते. 1974 साली ‘सागर सम्राट’ने शोधलेल्या मुंबई हायचे तेल अशाच योगाने टिकले. बडोद्याच्या वाचकांस खंभातजवळील लुणेज आठवेल; तेथे 1958 सालीच तेल-वायू लागला होता.

आता आमची डिचोली. येथील लोहखनिजही मुळात प्राचीन समुद्राचा गाळच! परंतु तो अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. तेव्हा पृथ्वीवर झाडपाला नव्हता, केवळ सूक्ष्म जीव होते. पुढे दाब व उष्णतेने ते खडक पार रूपांतरित झाले; त्यांत जो कार्बन होता त्याचे ग्रॅफाइट झाले. भाकरी भाजता भाजता कोळसा व्हावी, तसे. ज्या भट्टीने हे खडक घडविले, तिनेच वायूची आशा जाळून टाकली. वरचा जांभा तर झाकण म्हणून निरुपयोगी. जवळच्या हरवळेची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. पावसाळ्यात त्याच्या भेगांतून पाणी कसे झिरपते हे ज्याने पाहिले, त्याला हा दगड वायू कोंडून ठेवील असे सांगावयास आमचे धैर्य होणार नाही.

तरुण गाळ आहे तो किनाऱ्यापलीकडे, समुद्राखाली. कोंकण-केरळ खोरे म्हणून भूवैज्ञानिक त्यास ओळखतात. तेथे विहिरी खोदल्या गेल्या, पण व्यापारी साठा अद्याप हाती लागलेला नाही. गाळ असला म्हणजे वायू असतोच असे नाही, हे तेथेही दिसते. गोव्यात वायू आला तो दाभोळ-बंगळूर वाहिनीच्या गोकाकहून फुटलेल्या फाट्याने, घाट उतरून. त्या ट्रकमालकास आम्ही हे सारे कागदावर थर काढून समजावले. त्याने शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, ‘‘त्या नळीच्या कामावर ट्रक लागतात का?’’