उंबऱ्याशी काढलेल्या वहाणा

कोथरूडमधल्या एका भाड्याच्या घरात आम्ही चौघे राहायला गेलो ते २०१३ च्या जूनमध्ये. पावसाळा नुकताच सुरू झाला होता आणि इमारतीसमोरचा रस्ता पाण्याच्या नळांसाठी खणून ठेवलेला होता. त्यामुळे वीजबिल, गॅसची टाकी आणि स्वयंपाकाच्या पाळ्या यांच्याही आधी आमच्यात चपलांचा प्रश्न निघाला. पहिल्याच संध्याकाळी बाहेरच्या खोलीत, जिथे रात्री दोघांच्या गाद्या पडायच्या होत्या तिथे, चिखलाचे ठसे उमटले. घरात शिरताना वहाणा दाराशी काढायच्या, असे आमच्यापैकी तिघांनी तत्काळ ठरवून टाकले. चौथा काही बोलला नाही. त्याचे मौन ही संमती आहे असे आम्ही समजलो, आणि ते चुकले.

तिघांना हा नियम इतका उघड वाटण्याचे कारण आमच्या घरांमध्ये होते. एकाचे बालपण चिपळूणकडच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर गेले होते. अशा जमिनीवर जोड्याची टाच उठली की तो भाग पुन्हा सारवावा लागतो, आणि सारवणारी बहुधा घरातलीच बाई असते. दुसरा परळच्या चाळीतला. तिथे एकच खोली सकाळी स्वयंपाकघर, दुपारी बैठक आणि रात्री शेजघर होई. तिसरा नागपूरच्या सरकारी वसाहतीतला. त्याच्याकडे वडिलांचे बूट व्हरांड्यातच थांबत. आपल्याकडे आणि जपानमध्येही पादत्राणे दाराशी काढण्याची रीत इतकी रुजली, कारण दोन्हीकडे माणसे जमिनीवर बसत, जेवत आणि झोपत आली. जपानी घरात तर त्यासाठी दारातच गेन्कान नावाचा खालच्या पातळीचा कोपरा राखलेला असतो. जिथे जमीन हीच खुर्ची, तीच पलंग आणि तीच पंगत, तिथे रस्त्यावरची धूळ पायरीशी थांबवणे हा शहाणपणा आहे.

चौथा मात्र बूट घालूनच आत येई. सरळ आपल्या खोलीत जाई आणि पलंगाच्या कडेवर बसून ते काढी. आम्ही आधी थट्टा केली, मग दारावर कागद चिकटवला, मग अबोला धरला. चप्पल उलटी पडली की घरात भांडण होते, असे परळकराची आजी म्हणत असे. आमच्याकडे साऱ्या चपला सुलट्या असून भांडण झाले. नागपूरकर एकदा तावातावाने म्हणाला, ‘‘अरे, हा साधा स्वच्छतेचा प्रश्न आहे. यात अपमान कसला?’’

त्या रात्री चौथ्याने सांगितले. त्याचे आजोबा मराठवाड्यातल्या एका गावचे. वरच्या आळीतून जाताना त्यांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. गावातल्या बहुतेकांच्या वहाणा शिवल्या होत्या त्या आजोबांच्याच भावकीने. पण शिवणाऱ्याने त्या पायात घालून कुठून जायचे, हे ठरवणारे दुसरे होते. आजोबा पुढे नोकरीसाठी शहरात आले आणि त्यांनी पहिल्या पगारात बूट घेतले. ‘‘कुणी काढ म्हटले की माझा हात खाली जात नाही,’’ तो म्हणाला, ‘‘आणि तुम्ही तिघांनी ठरवून मला सांगितलेत.’’

आम्ही गप्प झालो. जो नियम आम्ही फरशीचा समजत होतो, तो त्याच्या कानावर माणसाचा नियम म्हणून पडला होता. आमची बाजूही आम्ही समजत होतो तितकी निर्मळ नव्हती. चिपळूणकराच्या घरी चामड्याची वहाण आत आलेली चालत नसे, आणि याचे कारण चिखल हे नव्हते, विटाळ हे होते. आता आमच्या पायांत रबर आणि फोम आहे. चामडे गेले, पण दाराशी येणारी ती चमक, ती भुवई उंचावण्याची लकब शिल्लक राहिली. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपल्या भाषेत बहुतेक वेळा वहाणेविषयी वापरली जात नाही. ती माणसांची जागा दाखवण्यासाठी वापरली जाते.

जोडे काढण्याचा प्रश्न फक्त धुळीचा कधीच नव्हता, याला इतिहासाचीही साक्ष आहे. इंग्रजी अमलात हिंदी माणसाने साहेबापुढे जाताना जोडे काढावेत असा दंडक होता. १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या ठरावाने त्यात एक सवलत आली : विलायती पद्धतीचे बूट घातलेल्याला ते न काढता समोर येता येईल. देशी जोडा घालणाऱ्याला मात्र जुनाच दंडक राहिला. दोन्हींच्या तळाला लागणारा चिखल एकच. फरक होता तो कुणी कुणापुढे वाकायचे याचा. पुढे १८६० च्या दशकात सुरतेच्या न्यायालयात एका पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला, तेव्हा त्याचा मोठाच वाद झाला.

असो. दिवाळीनंतर नागपूरकराची आई आठ दिवस राहायला आली. त्यांना जुना मधुमेह. अशा माणसाच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असते, खडा रुतला तरी कळत नाही, आणि छोट्या जखमेचे मोठे दुखणे होते. म्हणून घरातसुद्धा अनवाणी चालू नका, असे डॉक्टर सांगतात. त्यांच्या पायात मऊ रबराची एम. सी. आर. चप्पल होती. दारावरचा आमचा कागद वाचून त्या माउली खाली वाकल्या आणि पट्टा सोडू लागल्या. आम्ही तिघे एकदम ओरडलो, ‘‘काकू, तुम्ही नका काढू!’’

चौथा मागेच उभा होता. त्याने काकूंची पिशवी आत नेली, ओल्या फडक्याने त्यांच्या चपलेचे तळ पुसून दिले, आणि रात्री आम्हाला एवढेच म्हणाला, ‘‘डॉक्टरची चिठ्ठी असली की सूट मिळते तर.’’

त्या वाक्याने आम्हाला नव्याने बोलायला बसवले. या वेळी तिघांनी ठरवून चौथ्याला सांगितले नाही. बाहेरच्या वहाणा दाराशीच राहतील, हे त्यानेही मान्य केले. आपणही अखेर त्याच फरशीवर जेवतो, असे तो म्हणाला. पण त्याची एक अट होती. नियम या दारातून येणाऱ्या प्रत्येकाला लागू असावा. ज्याला अनवाणी चालवत नाही, किंवा चालायचे नाही, त्याच्यासाठी घरातल्या वेगळ्या सपाता असाव्यात, आणि त्यासाठी कुणाला कारण विचारू नये. आम्ही सपातांचे सहा जोड आणले. दारावरचा कागद त्यानेच फाडला.

‘प्रत्येकाला’ हा शब्द किती जड आहे, ते एक तारखेला कळले. घरमालक भाडे न्यायला स्वतः येत आणि बुटांसकट थेट खिडकीपर्यंत जाऊन गळती पाहत. पाच महिने आम्ही त्यांच्यामागून निमूटपणे फरशी पुसली होती. ज्यांनी मित्राविरुद्ध कागद चिकटवला, त्यांना मालकासमोर वाचा फुटली नव्हती. त्या तारखेला चिपळूणकराने सपाता पुढे सरकवल्या आणि शक्य तितक्या नम्रपणे म्हटले, ‘‘काका, तेवढे बूट इथे काढता?’’ ते क्षणभर थांबले. मग पाकीट दारातच घेतले, दारातच मोजले आणि गेले. त्यानंतर ते आत आले नाहीत. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर त्यांनी तो वाढवला नाही. कारण त्यांनी दुसरे सांगितले. आणि ते खरेही असू शकेल.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून पुरी झाली नाही. भांडी आणि फरशीला येणाऱ्या मावशींच्या चपला आमच्या दाराशी कधीच नसत. त्या जिन्यात, तीन पायऱ्या खाली, भिंतीला लावून ठेवलेल्या असत. आमचे चार जोड उंबऱ्याशी असत. आणि जी बाई ती फरशी रोज वाकून पुसत होती, तिचा जोड जिन्यात. इतक्या महिन्यांत हे आम्हा चौघांपैकी कुणाच्याच लक्षात आले नव्हते, चौथ्याच्याही नाही. हे त्यानेच खाली मान घालून कबूल केले. आम्ही मावशींना म्हटले, ‘‘आमच्या चपलांशेजारीच ठेवत चला.’’ त्यांनी चार दिवस तसे केले, आणि पाचव्या दिवशी त्यांच्या चपला पुन्हा जिन्यात दिसल्या.

‘‘दादा, मी या जिन्यात पाच घरं करते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एका दारात एक रीत अन् दुसऱ्या दारात दुसरी. एखाद्या दिवशी चुकून भलत्याच दाराशी ठेवीन, अन् ऐकून घ्यावं लागेल मलाच.’’

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आता आमची चौघांची घरे वेगळी आहेत आणि चारही घरांत वहाणा दाराशीच निघतात. धूळ बाहेर राहावी, यात आम्हाला आजही काही गैर वाटत नाही. फक्त दाराशी वाकताना आधी नजर जिन्याकडे जाते : तीन पायऱ्या खाली, भिंतीला लावून, कुणाचा जोड ठेवलेला आहे का?