प्रिंटरचं मुखत्यारपत्र

मी उर्दू आणि मराठी शिकवते. संगणक हा माझा विषय नाही. तरीही पडद्यावर 'फॉरबिडन' असा शब्द उमटला की आमच्या अभ्यासिकेतल्या मुली मलाच हाक मारतात, कारण त्यांच्या मते शब्दाचा अर्थ सांगणं हे मॅडमचं काम. अर्थ सोपा आहे: मनाई. मनाई हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला आणि कायमचा राहिला. त्याच्यासमोर उभे असलेले दोन शब्दही तिकडचेच. परवानगी फारसी, मुभा अरबी. पेशव्यांच्या दप्तरापासून आजच्या तहसील कचेरीपर्यंत 'तुला हे करता येईल की नाही' हे सांगायला मराठीनं उर्दूच्याच घरातले शब्द वापरले. वर्गात हे सांगितलं की मुलांना गंमत वाटते. प्रिंटरसमोर उभं राहून सांगितलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी सराव परीक्षा होती आणि कागद बाहेर येत नव्हता.

आमची अभ्यासिका म्हणजे रामवाडीतली एक खोली. मोहल्ल्यातल्या एका चाचांनी ती वापरायला दिली आहे. चार बाकं, एक पंखा, एक कपाट आणि कोपऱ्यात एक जुना संगणक. विंडोज 10 ची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली, आणि पुढची विंडोज 11 पेलण्याची ताकद जुन्या यंत्रात नव्हती. अशी कितीतरी यंत्रं तेव्हा लोकांनी देऊन टाकली, त्यातलंच हे एक. मोहल्ल्यातल्या एका हुशार मुलानं त्यावर उबुंटू बसवलं, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. पैसे पडत नाहीत, जुन्या यंत्रावर चालतं आणि उर्दूही नीट लिहिता येते. यंत्र बसवून दिलं आणि दोन महिन्यांत तो नोकरीसाठी दोह्याला गेला. कोकणातल्या मुसलमान घरांना हे नवीन नाही. आमच्याकडे घर बांधणारा, वीजबिल भरणारा आणि पंप दुरुस्त करणारा माणूस बहुधा आखातातच असतो.

तो गेल्यावर जुना प्रिंटर बंद पडला. कुणीतरी दुसरा आणून दिला, लेझरचा. वायर जोडली, आणि इथून गोष्ट अडली. छापायला दिलेले कागद जुन्या, मेलेल्या प्रिंटरच्या रांगेत जाऊन पडायचे. ती रांग काढायची तर परवानगी नाही. नवा प्रिंटर जोडायचा तर परवानगी नाही. एकदा नवा प्रिंटर आपोआप दिसला, दोन पानं निघाली, तिसरं अडकलं आणि यंत्रानं प्रिंटर 'थांबवला' अशी नोंद केली. अडकलेला कागद हातानं काढता आला, पण ती नोंद काढता येईना. पावसाळ्यात आपल्याकडे कागद दमट होतो आणि लेझर प्रिंटरमध्ये हमखास अडकतो. (रिम उघडली की उरलेला कागद झाकणाच्या डब्यात ठेवा. आमचा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो.)

पेणमधल्या एका दुकानदारानं सांगितलं, सगळं फॉरमॅट करावं लागेल, आणि विंडोज टाकून देतो. अशा वेळी लोक घाबरून हो म्हणतात. मी थांबले, कारण पडद्यावरचा शब्द मला दुकानदाराच्या निदानाशी जुळत नव्हता. यंत्र बिघडलं असतं तर ते 'मनाई' म्हणालं नसतं.

लिनक्सवर छपाईचं काम 'कप्स' नावाचा कार्यक्रम सांभाळतो. मायकेल स्वीट नावाच्या अमेरिकन माणसानं तो 1997 मध्ये लिहायला घेतला, 1999 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला आणि पुढे अ‍ॅपलनंही आपल्या संगणकांसाठी तोच उचलला. त्याचा कारभार ब्राउझरमधून बघता येतो. पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट', मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि 631 हा आकडा टाकला की कप्सचं पान उघडतं. इंटरनेट लागत नाही, कारण हे पान त्याच यंत्रात असतं. तिथे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'मध्ये जाऊन प्रिंटर जोडायला गेलं की नाव आणि पासवर्ड मागतो.

इथे दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि बहुतेक लोक त्या एकच समजतात. नाव-पासवर्ड दिल्यावर तीच चौकट पुन्हा पुन्हा समोर येत असेल, तर यंत्र म्हणतंय, 'मी तुला ओळखलं नाही.' नाव चुकलं, पासवर्ड चुकला किंवा कॅप्स लॉक चालू आहे. काही जण तिथे 'रूट' हे नाव टाकून बघतात. उबुंटूत रूटला मुळात पासवर्डच दिलेला नसतो, त्यामुळे ते कधीच चालत नाही. पण चौकट जाऊन 'फॉरबिडन' आलं, तर यंत्र म्हणतंय, 'तुला ओळखलं, पण हे काम तुझ्याकडे सोपवलेलं नाही.' पहिल्या वेळी पासवर्ड शोधायचा. दुसऱ्या वेळी पासवर्ड शंभरदा बदलला तरी उपयोग नाही, तिथे नेमणूक हवी.

नेमणूक कुठे असते? लिनक्समध्ये माणसांचे गट असतात. प्रिंटरचा कारभार ज्या गटाकडे असतो त्याचं नाव उबुंटूत 'एलपीअ‍ॅडमिन'. सगळ्या यंत्राचा कारभार ज्या गटाकडे असतो तो 'सुडो'. टर्मिनल उघडून 'ग्रुप्स' हा एक शब्द रोमनमध्ये टंकला की आपण कोणकोणत्या गटांत आहोत ते एका ओळीत दिसतं. माझ्या नावासमोर दोन्ही नव्हते, मुलींच्या सामायिक खात्यासमोरही नव्हते. दोन्ही गटांत एकच नाव होतं, दोह्यातल्या मुलाचं. त्यात त्याची चूक नाही. उबुंटू बसवताना पहिलं खातं आपोआप मालकाचं होतं आणि नंतरची खाती साधी.

आता मुद्दा चाचांचा. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला (तिकडचं घड्याळ अडीच तास मागे, त्याची शिफ्ट संपेपर्यंत थांबावं लागलं), तेव्हा चाचा समोर बसले होते. मी म्हटलं, हा अधिकार आणखी दोघा-तिघांना द्यायला हवा. चाचा म्हणाले, "मॅडम, किल्ली एकाच्याच हाती बरी. पोरींच्या हाती दिली तर कोण काय दाबेल, काय पुसेल."

त्यांना मी मुखत्यारपत्राचं उदाहरण दिलं, कारण ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आपल्या भागात प्रत्येक तिसऱ्या घरात एखादं मुखत्यारपत्र असतं. भाऊ कुवेतला, जमीन इथे, मग दूतावासाचा शिक्का मारून कागद येतो. त्यात दोन प्रकार. कुलमुखत्यारपत्र दिलं की घेणारा विकूही शकतो, गहाणही ठेवू शकतो, कोर्टातही उभा राहू शकतो. एका कामापुरतं दिलं, समजा फक्त सातबाऱ्यावर नोंद करून घेण्यापुरतं, तर तो तेवढंच करू शकतो. चाचांच्या स्वतःच्या घराण्यात एका कुलमुखत्यारपत्रावरून काय झालं ते अख्ख्या रामवाडीला माहीत आहे, इथे लिहीत नाही. मी म्हटलं, चाचा, 'सुडो' हे कुलमुखत्यारपत्र आहे. 'एलपीअ‍ॅडमिन' हे फक्त प्रिंटरपुरतं आहे. मुलींना दुसरं द्यायचंय. त्यांना रांग साफ करता येईल, थांबलेला प्रिंटर चालू करता येईल, नवा जोडता येईल. कुणाच्या फायली उघडता येणार नाहीत, कार्यक्रम काढता-घालता येणार नाहीत.

चाचा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे आधी जमिनीत का नव्हतं?"

अडचण एकच उरली. दोह्यातल्या मुलाला त्याचा पासवर्ड आठवेना. मग त्यानं फोनवर बसल्या बसल्या पुढचं सांगितलं आणि ते इथे देते, कारण अशी यंत्रं गावोगाव पडून आहेत. संगणक पुन्हा सुरू करायचा आणि सुरुवातीलाच शिफ्ट किंवा एस्केपची कळ दाबायची. यादी येते. 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'रिकव्हरी मोड', त्यात 'रूट'. काळ्या पडद्यावर आधी चकती लिहिण्यायोग्य करून घ्यायची, म्हणजे 'माउंट', वजा चिन्ह आणि ओ, 'रीमाउंट', स्वल्पविराम, 'आरडब्ल्यू' आणि शेवटी तिरकी रेघ. मग 'अ‍ॅडयूझर', माणसाचं खात्यातलं नाव, गटाचं नाव. सगळं रोमन लहान अक्षरांत. शब्दांच्या मधे एकेक जागा, पण स्वल्पविरामाच्या आजूबाजूला सोडायची नाही. माझं नाव सुडोत टाकलं, सगळ्यांसमोर. पुढे मी माझ्या खात्यातून, आधी 'सुडो' हा शब्द लावून, स्वतःला आणि दहावीतल्या दोन मुलींच्या नव्या खात्यांना एलपीअ‍ॅडमिनमध्ये घातलं. लॉगआउट करून परत आत आल्यावर 'ग्रुप्स'मध्ये नवा गट दिसू लागला.

हेच काम करणारी दुसरी आज्ञा आहे, 'यूझरमॉड'. ती वापरायची तर वजा चिन्हानंतर लहान ए आणि मोठा जी, दोन्ही हवेत. ए राहिला तर तो माणूस नव्या गटात जातो आणि त्याला आधी जोडलेल्या बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर फेकला जातो, सुडोतूनसुद्धा. एका अक्षरात कुलमुखत्याराची मुखत्यारी जाते. म्हणून मला 'अ‍ॅडयूझर' बरं वाटतं.

हे बघताना एका मुलीनं विचारलं, "म्हणजे यंत्रापुढे बसलेला कुणीही हे करू शकतो?" हो. चकती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर करू शकतो. तेव्हा खोलीच्या दाराचं कुलूप हे संगणकाचंही कुलूप आहे. चाचांनी त्याच संध्याकाळी नवं कुलूप आणलं.

हौशी माणसं आणखी एक उपाय सांगतात: कप्सच्या सेटिंगच्या फायलीत 'सगळ्यांना मुभा' असं लिहून टाका, कटकटच नको. हे करू नका. आज खोलीत एकच संगणक आहे. उद्या वाय-फाय आलं की त्या जाळ्यावरचा कुणीही तुमच्या प्रिंटरचा मालक होईल. मनाईला कंटाळून सगळ्यांना सगळं मोकळं करणं आणि सगळं एका गैरहजर माणसाकडे ठेवणं, दोन्हीत काम करणाऱ्याच्या हाती काही येत नाही.

तसं पाहिलं तर या सगळ्याची सुरुवातच एका प्रिंटरपासून झाली. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर मिळाला. जुन्या प्रिंटरचा कार्यक्रम तिथल्या लोकांनी स्वतः सुधारून ठेवला होता, कागद अडकला की ज्यांची पानं खोळंबली असतील त्यांना निरोप जायचा. नव्याचा मूळ कार्यक्रम कुणी द्यायला तयार नव्हतं. ज्याच्याकडे तो होता त्यानं गुप्ततेचा करार केला होता. रिचर्ड स्टॉलमन नावाचा तिथला प्रोग्रामर या नकारानं चिडला, आणि 1983 मध्ये त्यानं सगळ्यांना उघडता, बदलता, वाटता येईल अशा प्रणालीची घोषणा केली. लिनक्सवर चालणाऱ्या कितीतरी गोष्टी त्या घोषणेतून आल्या.

आमच्याकडे त्या रात्री सराव परीक्षेचा पेपर निघाला. अर्धा उर्दू, अर्धा मराठी. पेणला झेरॉक्सच्या दुकानात उर्दूची फाइल नेली की त्यांच्याकडे नस्तालीकचा फॉन्ट नसल्यामुळे अक्षरांचं रूपच बदलतं. मुलींना संध्याकाळी तेवढ्यासाठी महामार्ग ओलांडून जावं लागतं, ते वेगळंच. इथे 'नोटो नस्तालीक'मध्ये लिहून तिथल्या तिथे छापलं की ये आणि नून आपापल्या जागी राहतात. दोघींपैकी एकीनं आता वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली आहे: कुणाकडे कोणता गट, कधीपासून. अभ्यासिका सोडली की नाव काढायचं, हेही तिनंच लिहिलंय.

स्कॅनर अजून चालत नाही. त्याचा 'स्कॅनर' नावाचा वेगळा गट असतो, पण आमच्या बाबतीत तेच कारण आहे की ड्रायव्हरचा घोळ आहे ते अजून पाहिलेलं नाही. शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा बघू.